लालमहंमदचा सावकाश पाळणा

जत्रेला येऊन जो माणूस एकदाही घाबरला नाही तो जत्रेला आलाच नाही, असं चाकणच्या लालमहंमदचं ठाम मत होतं. देवदर्शन एरवीही होतं, रेवड्या दुकानात मिळतात. पण पोटातून वर येणारी खरीखुरी भीती, आणि ती ओसरल्यावर येणारं हसू, हे फक्त त्याच्या पाळण्यात मिळायचं आणि ते देण्यात तो हयगय करत नसे.

दिसायला अगदी साधा माणूस. बोटभर दाढी, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, आणि अंगाच्या मानाने भलतेच जाड दंड. बोलायचा इतका हळू की कान द्यावा लागे. पण पाळण्यात बसलेलं गिऱ्हाईक वरून ओरडायला लागलं, ‘अरं बास कर, थांबव’ म्हणायला लागलं, की त्याच्या डोळ्यांत असा काही आनंद फुलायचा की बघत राहावं. थांबवायचा तो आणखी चार फेऱ्यांनंतर. गिऱ्हाईक उतरून भांडायला यायचं, आणि भांडता भांडता हसायला लागायचं. भांडून पुन्हा रांगेत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

मी जुन्नरकडची. लग्न होऊन चिखलीत आले ती पाटलांच्या घरात, धाकटी सून म्हणून. थोरले भावजी उद्धवराव गावचे पाटील, आणि थोरल्या जाऊबाई मंजुळाबाई. आज चिखलीत जिथं बघाल तिथं वर्कशॉपांच्या पत्र्याच्या शेडी दिसतात, पण मी सांगते आहे ते पंचावन्न-छपन्न सालचं. तेव्हा गावात वर्षातून एकदाच काही तरी घडायचं, चैत्रातल्या भैरवनाथाच्या जत्रेत. आणि त्या जत्रेतलं निम्मं जे काही घडायचं ते लालमहंमदच्या पाळण्यापाशी.

पाळणे इतरही फिरायचे त्या वेळी, पण ते कुरकुरत, दमत भागत फिरायचे. लालमहंमदचा बाप चाकणच्या बाजारात बैलगाड्यांची चाकं करायचा, त्यामुळे लाकडाचं कसब घरातलंच. लढाईच्या दिवसांत लालमहंमद देहूरोडला लष्करी डेपोत हमाली करत होता. लढाई संपली, भंगाराचा लिलाव झाला, आणि सगळे लोक पत्रे नि पिंपं उचलत असताना यानं एका मोडक्या लष्करी ट्रकचा आस उचलला. बायकोनं विचारलं, याचं करायचं काय? तर म्हणाला, फिरवून बघ. तिनं फिरवला, आणि तो फिरतच राहिला. त्या आसाभोवती त्यानं बाभळीच्या लाकडाचा सांगाडा उभा केला, चार पेट्या टांगल्या, आणि पहिल्याच जत्रेत इतर पाळणेवाले आपापले पाळणे उतरवून दुसऱ्या गावाला निघून गेले. त्याला इंजिन नव्हतं की काही नव्हतं. खाली येणारी पेटी हातानं ओढायची, एका बाजूला लालमहंमद, दुसऱ्या बाजूला त्याचा मेहुणा इकबाल. एकदा वेग आला की तो लष्करी आस कुणाचं ऐकत नसे.

आमच्या भावजींचंही त्यानं ऐकलं नाही.

झालं असं की पंचावन्नच्या जत्रेत सरपंच हिंदुरावांनी चारचौघांत भावजींना डिवचलं. पंचायतीची निवडणूक झाल्यापासून या दोघांत बोलणं नव्हतं. गावाला वतनाचा पाटीलही होता आणि मतांचा सरपंचही, आणि एका गावात दोन नाकं म्हटल्यावर ती एकमेकांवर आपटायचीच. हिंदुराव भावजींकडे न बघता शेजारच्याला म्हणाले, “पाटलांना काय बसवतंय त्यात? वय झालं आता.” भावजींचं वय तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. ते तडक जाऊन बसले.

तिसऱ्या फेरीला त्यांचा गुलाबी फेटा सुटला. चौथ्या फेरीला त्याचं एक टोक वाऱ्यावर लांबच लांब निघालं, आणि पाचव्या फेरीला अख्खा फेटा उडून भजीवाल्याच्या कढईत पडला. भजीवाला हुशार, त्यानं झाऱ्यानं तो लगेच उचलला, पण तोवर सगळ्या जत्रेनं पाटलांचा फेटा तळताना पाहिला होता. भावजी उतरले ते ताठ मानेनं देवळाकडे निघाले आणि ताठ मानेनं बांगड्यांच्या दुकानात शिरले. घरी आल्यावर दोन दिवस अंथरूण सोडलं नाही. आल्यागेल्याला सांगायचं काय, तर पित्त झालंय. जाऊबाई आमसुलाचं सार घेऊन आत जायच्या आणि बाहेर येऊन चुलीकडे तोंड करून बसायच्या. त्यांचे खांदे हलताना मी बघत होते.

पुढल्या वर्षी जत्रा आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा भावजींनी पंचांसमोर सांगून टाकलं, या वर्षी पाळणा नको. का? तर बायाबापड्या भितात. एखादी पोटुशी असते, एखादीला घेरी येते.

भावजींना बायकांची इतकी काळजी वाटलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जायचं आणि आम्ही काठावर ओणवून पोहरे ओढायचो, तेव्हा आम्हाला घेरी येईल असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. पण पाळण्याच्या बाबतीत पंचांनी माना डोलावल्या. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी ते बोलणार नव्हतं.

निरोप चाकणला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी लालमहंमद आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी दाराआड चहाची भांडी घेऊन उभी होते, जाऊबाई आत भाकरी थापत होत्या. त्याचं हळू बोलणं त्या दिवशी आणखी हळू झालं होतं.

“पाटील, चिखली बंद झाली की दिघी बंद व्हनार, मग भोसरी, मग हिंजवडी. चिखलीच्या पाटलानं नको म्हनलं म्हंजी काय तरी असंल, असंच म्हननार समदी. मग मी ह्यो पाळना फोडून चुलीत घालू का?”

“पिंपरीला औषधाचा कारखाना झालाय. मानसं घेत्यात तिथं,” भावजी म्हणाले.

“गेलतो,” लालमहंमद म्हणाला. “इकबालनं वढत नेलं. दारापातूर गेलो. भोंगा वाजला की आत जायाचं, भोंगा वाजला की भाईर यायाचं. चांगली हायेत मानसं, नाव न्हाई ठेवत मी. पन पाटील, तितं मानसानं भ्यायचं कवा आन हसायचं कवा? माघारी आलो मी.”

कारखान्यात जाणारा माणूस मला दयेचा वाटायचा असं नाही. आमच्या गावातली कितीतरी पोरं पुढं कंपनीत गेली आणि सुखात राहिली. पण याला तिथं पाठवणं म्हणजे ढोलकी फोडून तिच्या लाकडाचा पाट करणं होतं. मला वाईट वाटलं. भावजींनाही वाटलं असावं, कारण ते एकदम उठून गेले नाहीत.

“बाया भित्यात,” ते पुन्हा म्हणाले.

लालमहंमदनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळत होतं, आणि भावजींना कळत होतं की त्याला कळतं आहे. पण तो शहाणा माणूस होता.

“मग बायांसाठी सावकाश फिरवतो,” तो म्हणाला. “इतका सावकाश की हातात भरलेला तांब्या धरून बसावं. एक थेंब सांडनार न्हाई.”

एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भावजींनी मिशीवरून हात फिरवला.

“बरं. पयल्या दिवशी बघू. बाया बसल्या तर ऱ्हाऊ दे. न्हाई बसल्या तर दिस बुडायच्या आत उतरवायचा, आन पुन्यांदा ह्या गावात न्हाई आनायचा.”

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग जाऊबाईंनी पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

जत्रेच्या सकाळी पाळणा उभा राहिला, नदीकडच्या चिंचेजवळ, नेहमीच्या जागी. लालमहंमद ओरडायला लागला, “सावकाश फेरी, सावकाश फेरी, बायाबापड्यांची फेरी, अजिबात भ्या वाटनार न्हाई.” दाढ दुखणाऱ्या माणसानं आरती म्हणावी तसा त्याचा आवाज येत होता. बायका जमल्या. एरवी त्या बाजूला गर्दीच व्हायची. दोन-तीन फेऱ्या रिकाम्या फिरताना त्यांनी पाहिल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि नाकं मुरडली.

“ह्यापरीस माझं दळायचं जातं बरं, ते तरी फिरतंय,” एक म्हणाली.

“घरी पाळनाच हालवतो की आमी. तितनं सुटून जत्रंला आलो, तर हितं बी त्योच?” दुसरी म्हणाली, आणि हसत हसत सगळ्या बांगड्यांकडे वळल्या.

बसलं कोण, तर भाजीवाली शालनबाई. ती दोन जुड्या मेथी घेऊन बसली, तीन फेऱ्यांत सगळी निवडून काढली आणि काड्या खाली टाकून उतरली. म्हणाली, वर वारा बरा लागतो. तिला बाई म्हणून धरा असं लालमहंमद सांगू शकला असता, पण एका शालनबाईनं गावचा निकाल बदलत नाही. दुसरा बसला तो म्हातारा चिमाजी, देवळामागं राहणारा. त्याला पेटीत बसल्या बसल्या झोप लागली. हलवून उठवायला गेले तर म्हणाला, “फिरूद्या की,” आणि पुन्हा घोरायला लागला. लालमहंमदनं त्याला तसाच राहू दिला. रिकाम्या पाळण्यापेक्षा घोरणारा माणूस बरा.

त्यात सावकाश फिरवणं हे मोठं दुखणं होतं. वेगात असला की पाळणा आपल्याच ओढीनं फिरायचा, नुसता हात लावत राहायचं. सावकाश फिरवायचा म्हणजे खाली येणारी प्रत्येक पेटी छातीवर घ्यायची, धरायची, आणि इंच इंच सोडायची. तो लष्करी आस तर सतत पळायला बघत होता. इकबालचा सदरा भिजून पाठीला चिकटला. “दुलेभाई,” तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, “कारखान्यात निदान बसायला तरी मिळतं म्हणे.” लालमहंमदनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट पुढची पेटी छातीवर घेतली.

दुपारी देवाला नैवेद्य झाला. त्यानंतर मानकऱ्यांनी जत्रेतून एक चक्कर मारायची रीत होती. पुढं भावजी, त्यांच्या शेजारी पण अंतर ठेवून हिंदुराव सरपंच, मागं देवाची काठी उचलायचा मान असलेले सोपानराव, मशालीचे मानकरी, छत्रीचे मानकरी, असं लांबलचक लटांबर. आमच्या गावात मान नाही असा पुरुष शोधायला लागला असता. देवापुढं नारळ ठेवायचा मान एका घराचा, तो फोडायचा मान दुसऱ्याचा, आणि करवंटी उचलायच्या मानावरून दोन भावांत कोर्ट झालेलं.

मंडळी पाळण्यापाशी आली. चिमाजी घोरत फिरत होता, बाकी तीन पेट्या रिकाम्या.

“काय लालमहंमद,” भावजी म्हणाले, “बाया काय दिसत न्हाईत. मग ठरल्यापरमानं उतरव.”

आम्ही बायका चिंचेखाली उभ्या होतो. मी भावजींच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला एक गंमत दिसली. उतरव म्हणताना त्यांची नजर वरच्या पेटीकडे गेली, ती पेटीबरोबर हळूहळू खाली आली आणि पुन्हा वर गेली. हलवायाच्या दुकानापुढं उभं राहून मला गोड आवडत नाही म्हणणाऱ्या माणसाची नजर जशी फिरते तशी. लालमहंमदलाही ती दिसली. गिऱ्हाईक ओळखण्यात त्याची हयात गेली होती.

त्यानं पाळणा थांबवला, खांद्यावरच्या कापडानं तोंड पुसलं आणि अगदी बापुडवाणा चेहरा केला.

“पाटील, बाया बसतील कशा? मानाचा फेराच झाला न्हाई अजून.”

“कसला मानाचा फेरा?”

“आता ते मी काय सांगू तुमास्नी? तुमी जानते. हिंजवडीला आदी मानकरी बसत्यात, मग गाव बसतंय. मानाचा फेरा सावकाश असतोय. मानकऱ्याला कसली आलीय घाई? देवाची पालखी कदी पळती का?”

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. हिंजवडीचे मानकरी पाळण्याच्या आसपास फिरकत नसत, त्यांनी चिखलीच्या फेट्याची गोष्ट ऐकली होती. पण लालमहंमदनं ते इतक्या हळू आवाजात आणि इतक्या सहज सांगितलं की कुणाला शंकाच आली नाही. आपल्या गावात नसलेली एखादी रीत शेजारच्या गावात आहे, हे कुणालाच सोसवेना.

“व्हय, मी बी ऐकलंय,” हिंदुराव म्हणाले. त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं. पण सरपंचानं एखादी गोष्ट ऐकलेली नाही असं होऊन कसं चालेल?

“आपल्यात बी हुती की,” सोपानरावांनी काठी टेकून पुढं येत सांगितलं. “माझा आजा बसायचा.”

लष्करी ट्रकच्या आसावर फिरणाऱ्या, जेमतेम दहा वर्षांच्या त्या पाळण्यात सोपानरावांचा आजा बसायचा. इकबालनं तोंड फिरवलं. लालमहंमद मात्र गंभीरपणे मान हलवत होता, जणू आज्याची त्याला चांगली आठवण होती.

हिंदुराव एक पाऊल पुढं सरकले. त्याबरोबर भावजी दोन पावलं सरकले. पुढं काय होणार हे ठरून गेलं. पहिला मान पाटलाचा. भावजी नवा फेटा दोन्ही हातांनी दाबून खालच्या पेटीत बसले. पाळणा अर्धा फिरला, ते वर गेले आणि समोरची पेटी खाली आली, तिच्यात हिंदुराव बसले. बसल्यावर त्यांनी वर पाहिलं, तर पाटलांच्या वहाणा त्यांच्या डोक्यावर.

“ए, मला वर घे.”

हिंदुराव वर गेले. आता भावजी खाली.

“लालमहंमद, ह्यो काय परकार हाय? मला वर घे.”

भावजी वर गेले. असं तीन-चारदा झालं. वर कोण किती वेळ होतं याचा हिशोब दोन्हीकडचे लोक बोटांवर करायला लागले, आवाज चढले. मानाच्या नारळावरून डोकी फुटलेली मी ऐकली होती, आता पाळण्यावरून फुटणार असं वाटलं. तेवढ्यात लालमहंमदनं इकबालला खूण केली आणि दोघांनी पाळणा मधोमध धरून ठेवला. एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला सरपंच, दोघं एका उंचीवर, तसूभरही इकडं तिकडं नाही. खालची पेटी रिकामी. वरच्या पेटीत, साऱ्या गावाच्या डोक्यावर, चिमाजी घोरत होता. त्याच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण झोपलेल्या माणसाला मान नसतो.

“अस्सं,” लालमहंमद म्हणाला. “हिंजवडीला असंच धरत्यात.”

वर ते दोघं आसाच्या अलीकडे पलीकडे, समोरासमोर. दोन वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं त्यांना आता दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. भावजींनी आधी नदीकडे पाहिलं. मग आपल्या मळ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. रोज ज्या वावरात ते जात होते ते असं अख्खं, बांधासकट, एका नजरेत त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. इंद्रायणीचं वळण दिसत होतं, देवळाचा कळस डोळ्यांसमोर होता. फेट्यावरचा हात त्यांनी नकळत काढून घेतला. मला त्या वेळी त्यांची खरंच माया आली. बिचाऱ्यांना पाळण्यात बसायचं होतं. फक्त हळू बसायचं होतं, आणि ते सांगायला त्यांना तोंड नव्हतं.

“तुमच्या घराची कौलं बदलाय झाली, सरपंच,” ते म्हणाले.

“व्हय,” हिंदुराव म्हणाले. “औंदा बदलनार हाय.”

एवढंच बोलणं झालं. पण गावानं तोंडात बोटं घातली.

त्यानंतर जी रांग लागली ती विचारू नका. काठीचे मानकरी, मशालीचे, छत्रीचे, नारळ ठेवणारे, फोडणारे, करवंटीचे दोन्ही भाऊ. प्रत्येकाला सावकाश फिरायचं होतं आणि प्रत्येक जण उतरून म्हणत होता, रीत चांगली आहे, मोडायला नको होती. भावजी दुसऱ्यांदाही बसून आले. लालमहंमदच्या दंडांवरच्या शिरा तटतटल्या होत्या, छातीवर पेट्या घेऊन घेऊन सदऱ्याला लाकडाचा ठसा उठला होता. तरी तो खुशीत होता. पाळणा वाचला, असं त्याला वाटत होतं.

आणि तेवढ्यात भावजींनी हात वर केला.

“मंडळी,” ते म्हणाले, “पाळना आता दर साली येनार. ही गावची रीत हाय. आन हितनं पुढं पाळना असाच फिरनार, सावकाश. समद्यांना. जोरातलं बंद.”

लोकांनी माना डोलावल्या. लालमहंमद पेटीला हात लावून उभा होता, तसाच राहिला. मी त्याचा चेहरा कधी विसरणार नाही. पाळणा मिळाला होता आणि पाळण्यातलं जे होतं ते गेलं होतं. आता दर वर्षी, गावोगाव, हा माणूस तो पळणारा आस छातीवर अडवून धरणार, आणि लोक त्यात मेथी निवडणार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं ते घामाबरोबर पुसून टाकलं. पाटलांनी मेहेरबानी केल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करायची? इकबाल हळूच म्हणाला, “जाऊ द्या, दुलेभाई.”

माझ्या शेजारी जाऊबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मंजुळाबाईंनी ती कधी मोडली नाही. त्या माझ्याशी बोलल्या. फक्त अशा आवाजात, की नदीपलीकडे ऐकू जावं.

“सुमन, चल गं. आता समद्यांनाच मानाचा फेरा झालाय. शालनबाईला हाक मार. त्या कल्हईवाल्याच्या बायकूला बी बलीव. आपन समद्या आज मानकरी.”

सोपानरावांची काठी हातातून पडली.

“आँ? बाया मानाच्या फेऱ्यात?” ते म्हणाले.

“पाटीलच म्हनले की, समद्यांना,” जाऊबाई मलाच म्हणाल्या. “आन बरं झालं. लई दिवस वाटत हुतं, देवापुढं आपल्याला कायच कसा मान न्हाई.”

मानकऱ्यांत एकच गलका झाला. मशालवाले म्हणाले हे चालायचं नाही. छत्रीवाले म्हणाले, भाजीवाली आणि आम्ही एका फेऱ्यात? करवंटीचे भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूनं बोलले. सोपानराव आपल्या आज्याची शपथ घालायला लागले. सगळे भावजींकडे बघत होते, आणि भावजी आमच्याकडे, म्हणजे जाऊबाईंच्या पदराकडे बघत होते. पदराआडून काही दिसत नव्हतं.

“मान त्यो मानकऱ्यांचाच,” शेवटी ते म्हणाले. “बाकीच्यांना तसा फेरा न्हाई. बाकीच्यांना साधा.”

लालमहंमद दोन पावलं पुढं आला. हात जोडलेले, आवाज इतका हळू की सगळी गर्दी ऐकायला पुढं सरकली.

“पाटील, चूक व्हाया नको म्हनून इचारतो. साधा म्हंजी पयल्यावानी का?”

भावजींनी घसा खाकरला. एकदा मानकऱ्यांकडे पाहिलं, एकदा हिंदुरावांकडे.

“पयल्यावानीच. साधा त्यो साधाच,” ते म्हणाले, आणि फेट्याला हात लावला.

आम्ही बसलो. एका पेटीत जाऊबाई आणि मी, दुसरीत शालनबाई, तिसरीत कल्हईवाल्याची बायको आणि तिची जाऊ. चौथीतून चिमाजीला उठवून खाली उतरवलं, माझी जागा कुणाला दिली, असं कुरकुरत तो गेला, आणि त्याच्या जागी सकाळी नाकं मुरडणाऱ्यांपैकी दोघी चढल्या. लालमहंमदनं लुंगी वर खोचली. पहिली फेरी त्यानं हळू घेतली, आणि मग आसाला सोडून दिलं.

काय सांगू? पोट खाली राहिलं आणि मी वर गेले. नदी डोक्यावर आली, चिंच पायाखाली गेली. शालनबाई देवांची नावं घेत होती, मग देवांना शिव्या घालत होती. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पाहिलं, तर जाऊबाईंनी डोळे मिटलेच नव्हते. पदर खांद्यावर आला होता आणि तो सारखा करायला त्या दांडीवरचा हात काढत नव्हत्या. चार वर्षं एका चुलीशी बसून मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. खाली लालमहंमद एकेका पेटीला हात लावत उभा होता, दंड ताठ, आणि डोळ्यांत तो त्याचा आनंद.

फेऱ्या संपत आल्या, पाळणा मंदावला. भावजी कडेला येऊन उभे होते. चेहरा उतरला होता, काळजी खरी होती.

“सुमनताई,” ते मला म्हणाले, कारण त्यांनाही चारचौघांत बायकोशी बोलता येत नव्हतं, “ती भ्याली का इचारा.”

जाऊबाई वाकल्या. या वेळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या,

“लई भ्याले. पुन्यांदा भ्यायचं हाय.”

लालमहंमदनं हातांवर थुंकी टाकली आणि पेटी खाली ओढली.